न पाहिलेल्या नाटकांची अक्षरं

पुढच्या पानांवरच्या जाहिराती मुंबईच्या आहेत. मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापलेल्या, मुंबईच्या प्रेक्षकांसाठी केलेल्या. शिवाजी मंदिर, साहित्य संघ, रवींद्र. शनिवारी दुपारी चार, रविवारी रात्री साडेआठ. अशा संग्रहाला प्रस्तावना लिहायला बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरचा माणूस कशाला, हे मला कुणी विचारलं नाही. मीच स्वतःला विचारलं, आणि उत्तरादाखल आठवली ती एक शेंगदाण्याची पुडी.

सत्तरीच्या दशकात आमच्या गावात नाटकाचं थिएटर नव्हतं. जत्रेला तमाशाचा फड यायचा, कुस्त्या व्हायच्या, सिनेमा बघायचा तर अंबाजोगाई किंवा परळी गाठायची. पण किराणा दुकानात रद्दी यायची, आणि त्या रद्दीत अधूनमधून मुंबईचा पेपर निघायचा. तो कुठून, किती हातांतून फिरून यायचा देव जाणे. दुकानदार पानाचे चार तुकडे करायचा, एकाचा कोन वळायचा, त्यात भाजलेले शेंगदाणे ओतायचा आणि तोंड दुमडून हातावर ठेवायचा. शेंगदाणे संपले की मी कोन उलगडायचो. तेलाचे डाग पडलेले असायचे, डागाच्या जागी कागद आरपार दिसायचा आणि मागच्या पानावरचा मजकूर उलटा होऊन पुढं यायचा. बातम्यांची बारीक अक्षरं त्या गिचमिडीत हरवून जायची. नाटकाचं नाव मात्र हरवत नसे. काळंभोर, ठाम, एकदा नजर पडली की सुटायचं नाही.

आमच्याकडच्या पेपरांत या जाहिराती नसायच्या. कशा असतील? दादरच्या प्रयोगाचं तिकीट घाटनांदूरहून कोण काढणार? म्हणून माझ्या लेखी मराठी रंगभूमी म्हणजे अनेक वर्षं फक्त नावं होती. 'मत्स्यगंधा'त कोण काम करतं, गाणी कोणती, गोष्ट काय, काही ठाऊक नव्हतं. अक्षरावरून मी नाटक रचायचो. एखादं नाव बघून वाटायचं हे रडवणारं असणार, एखादं बघून वाटायचं यात मजा आहे. पुढं मुंबईला गेल्यावर त्यातली काही नाटकं पाहिली. दोन-तीन तर अक्षरांपेक्षा फिकी निघाली, हे आता सांगायला हरकत नाही.

ती अक्षरं काढणाऱ्या हाताचं नाव कमल शेडगे. हे मला समजलं तेव्हा मी विशीत होतो आणि माझ्या पत्र्याच्या पेटीत पुडीच्या कागदांची चळत साठली होती.

शेडगे यांचा जन्म १९३५ चा, मृत्यू जुलै २०२० मधला. मधली साठेक वर्षं हा माणूस अक्षरं काढत होता. नाटकांची शीर्षकं, मासिकांची शीर्षकं, पुस्तकांची नावं, सिनेमाची नावं. 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'मत्स्यगंधा', 'लेकुरे उदंड जाली', 'गारंबीचा बापू', 'ती फुलराणी', 'वस्त्रहरण', 'पुरुष', 'ऑल द बेस्ट': ही नावं नुसती उच्चारली तरी मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर एक आकार येतो. नाटक पाहिलेलं असो वा नसो. हात तयार झाला तो 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या कला विभागात, रोजच्या कामाच्या रगाड्यात. १९६२ च्या जूनमध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला आणि मराठी नाटकाच्या जाहिरातीला एक नवं, मोठं अंगण मिळालं. त्याच वर्षी 'रायगडाला' रंगभूमीवर आलं, दोन वर्षांनी 'मत्स्यगंधा'. नाट्यसंस्था जोरात होत्या, दौरे होते, एकाच दिवशी तीन-तीन प्रयोग लागत. जाहिरातीच्या रकान्यात नावांची दाटी झाली. दाटीत उठून दिसायचं कसं, इथून शेडग्यांचं काम सुरू होतं.

थोडं मागं जायला हवं. पोस्टर ही चीज आपल्याकडे चेहऱ्यांची होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आजही पुस्तकांत छापलं जातं. त्याच कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी सिनेमाची प्रचंड बॅनरं रंगवली. आज सरकारी कार्यालयांत शिवाजी महाराजांचं जे चित्र दिसतं तेही त्यांच्याच हातचं. मासिकांची मुखपृष्ठं दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या ताब्यात होती. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' काढलं आणि दिवाळी अंकाचा चेहरा ठरवून टाकला. मुळगावकरांचे देव तर आमच्या गावातल्या प्रत्येक दुकानात खिळ्याला टांगलेले असायचे, वर गणपती नाहीतर लक्ष्मी आणि खाली कुठल्यातरी आडत दुकानाचं नाव. या सगळ्या कामात अक्षराला जागा उरायची ती चित्राच्या पायाशी. चित्र आधी, मजकूर मागाहून. मोठे हात होते, त्यांच्याबद्दल वावगं बोलायचं नाही, पण अक्षराकडे त्यांचं लक्ष जेवणातल्या लोणच्याइतकं होतं.

युरोपात हा क्रम उलटवणारी माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. त्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा म्हणजे पॅरिसमध्ये काम करणारा कासांद्र. खरं नाव अडॉल्फ मूरॉन, जन्म १९०१ मध्ये खार्कीव्हला. जवळचा वाटतो, कारण त्याची गाजलेली पोस्टरं रेल्वेची आहेत आणि माझं बालपण स्टेशनावर गेलं. घाटनांदूर हे परळी ते लातूर रोड या मार्गावरचं स्टेशन, निझामाच्या रेल्वेनं टाकलेली लाइन. आमच्याकडे 'स्टेशनावर जाऊन येतो' याचा अर्थ गाडी पकडायला असा होत नसे. नुसतंच बसून यायचं असे. प्लॅटफॉर्मच्या टोकाला पिवळी पाटी, काळी अक्षरं, गावाचं नाव तीनदा लिहिलेलं. तिथं उभं राहिलं की रूळ लांबवर एकमेकांत मिसळताना दिसायचे.

कासांद्रच्या १९२७ च्या 'एत्वाल द्यू नोर' पोस्टरमध्ये एवढंच आहे. रूळ आणि क्षितिजावर तारा. गाडी नाही, प्रवासी नाही, शिट्टी नाही, धूर नाही. गाडीची जाहिरात आणि त्यात गाडीच नाही! त्याच वर्षीच्या 'नॉर एक्स्प्रेस'मध्ये इंजिन आहे, पण जमिनीवर गाल टेकून बघावं तसं, आणि वरून तारायंत्राच्या तारा धावतायत. पोस्टर काढणारा हा तारमास्तरासारखा असतो असं कासांद्र मानत असे. निरोप त्याचा नसतो. त्याचं काम तो स्पष्ट पोचवण्याचं. त्याचा आणखी एक आग्रह होता, आणि तो आपल्या विषयाच्या थेट कामाचा आहे: चित्राची मांडणी मजकुराभोवती व्हावी, मजकूर चित्रात कोंबू नये. जर्मनीत लुसियन बेर्नहार्टनं आगपेटीच्या जाहिरातीत दोन काड्या आणि कंपनीचं नाव, बाकी काही नाही, इथपर्यंत मजल आधीच मारली होती. लंडनच्या भुयारी रेल्वेनं मॅकनाइट कॉफरकडून पोस्टरं करून घेतली आणि एडवर्ड जॉन्स्टनकडून १९१६ मध्ये स्वतःचं अक्षर घडवून घेतलं. पोस्टर, रेल्वे आणि नवं अक्षर ही तिघं एका घरात वाढली आहेत.

हे वारं मुंबईत कसं आलं? बरंचसं मासिकांतून आणि जाहिरात कंपन्यांच्या टेबलांवरून. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ मध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग निघाला. १९६१ मध्ये त्याची वेगळी संस्था झाली. नाझींच्या तडाख्यातून निसटून ऑस्ट्रियाहून आलेला वॉल्टर लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चा कला-संचालक झाला. चित्रकलेच्या इतिहासात त्याचं नाव हुसेन, रझा, आरा यांच्या पाठीराख्यांत घेतलं जातं. तो ज्या खात्याचा प्रमुख होता त्याच खात्यात पुढं शेडगे अक्षरं काढायला बसले. याला मी गुरुपरंपरा म्हणणार नाही. पण त्या खोलीत एक शिस्त होती, जागा मोजून वापरायची, रेघ निश्चित मारायची, डेडलाइन पाळायची. ती शिस्त त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला लागत असणार.

शेडग्यांचं वेगळेपण समजायला जाहिरातीची किंमत समजली पाहिजे. पेपरातली जागा कॉलमच्या मापानं विकत मिळते. नाट्यसंस्थेचा खिसा लहान. म्हणजे एक कॉलम, फार तर दोन, उंची काही इंच. त्यात नाव, लेखक, दिग्दर्शक, कलावंत, थिएटर, वार, वेळ सगळं बसवायचं. फोटो टाकावा तर तेव्हाच्या छपाईत, न्यूजप्रिंटवर, चार सेंटिमीटरचा चेहरा म्हणजे शाईचा ठिपका. नट ओळखू येण्याऐवजी त्याला कांजिण्या आल्यासारखं दिसायचं. उरलं काय? अक्षर. ते कार्डावर काळ्या शाईनं मोठं काढायचं, चुका पोस्टर व्हाइटनं पुसायच्या, मग फोटो काढून लहान करायचं आणि जस्ताच्या पत्र्यावर आम्लानं कोरून लाइन ब्लॉक करायचा. लाइन ब्लॉकला करडा रंग माहीत नाही. काळं किंवा पांढरं. फार बारीक रेघ छपाईत तुटते, फार बारीक पोकळी शाईनं भरून जाते. म्हणजे 'ध'च्या पोटातली जागा, 'क्ष'च्या गाठीतली फट, अनुस्वाराचा टिंब आणि शिरोरेघ यांतलं अंतर, हे सगळं लहान झाल्यावर काय उरेल याचा अंदाज घेऊन मोठ्या कार्डावर काढायचं. आधुनिक डिझाइनच्या पुस्तकांत 'अनावश्यक ते गाळा' हे तत्त्व म्हणून सांगतात. इथं ब्लॉकमेकरच ते गाळून टाकत होता. अक्षरकारानं त्याच्या आधी गाळलं तर ठीक, नाहीतर तो नको ते गाळणार.

आता देवनागरीकडे. रोमन लिपीत पोस्टर करणाऱ्याची एक चैन असते. सगळी कॅपिटल घेतली की शब्द म्हणजे वीटकाम, वर सपाट, खाली सपाट. देवनागरीत शब्दाला तीन मजले. मधला मुख्य, शिरोरेघेच्या वर मात्रा-वेलांट्या-अनुस्वार, खाली उकार. आणि प्रत्येक शब्दात हे मजले वेगळे भरतात. 'रायगडाला जेव्हा जाग येते' घ्या. चार शब्द, लांबलचक नाव, पण तळमजला पूर्ण रिकामा! एकही उकार नाही. पाच काने सरळ उभे, तीन मात्रा वर, म्हणजे सगळी हालचाल आभाळाच्या बाजूला. हे नाव गडासारखं उभं करता येतं ते नाटककारानं नकळत दिलेल्या या सोयीमुळे. 'ती फुलराणी'त दुसरी वेलांटी पहिल्या अक्षरावर आणि शेवटच्या अक्षरावर, मधे एक उकार लोंबतो; दोन कमानी आयत्या जोडीनं मिळतात. 'मत्स्यगंधा'त त, स, य यांची जोडाजोड, एका अक्षराच्या जागेत कोंबलेली, आणि पुढं शब्द एकदम मोकळा होतो. आणि 'पुरुष'? तीन अक्षरं, दोन उकार. पण 'पु'चा उकार पायाखाली आणि 'रु'चा कमरेला. उच्चार तोच, जागा दोन. माझ्या माहितीत मराठी लिपीतलं हे सगळ्यांत खट्याळ अक्षर आहे, हा 'रु'. अनाडी हातानं काढला तर मधेच शेपूट फुटल्यासारखा दिसतो.

पुढच्या पानांवर ही नावं शेडग्यांनी कशी सोडवली ते वाचकानं भिंग घेऊन पाहावं. मी वर्णन करून त्यातली गंमत मारणार नाही. एवढंच सांगतो की ते प्रत्येक नाव नव्यानं सोडवत. कालच्या नाटकाचा 'र' आजच्या नाटकात जसाच्या तसा उचलून ठेवलाय, असं फार क्वचित सापडेल. नाटक गंभीर तर अक्षराचं वजन वेगळं, फार्स असेल तर शिरोरेघेची चालच वेगळी, कधी शिरोरेघ चक्क गायब.

शेडग्यांना मी आधुनिकांच्या पंगतीत बसवतोय, इथं जाणकार मला अडवतील. हा माणूस आधुनिकतावादी कसा? स्वित्झर्लंडच्या आधुनिक मंडळींना अक्षर तटस्थ हवं होतं. १९५७ च्या हेल्वेटिकाचं कौतुक ते तेवढ्यासाठी करत: अक्षरानं स्वतः काही बोलू नये, मजकुराला बोलू द्यावं. शेडग्यांचं अक्षर तर बोलघेवडं. रडतं, हसतं, दम देतं. आक्षेप खरा आहे. पण तटस्थ राहायला हाताशी भरपूर टाइप असावे लागतात. देवनागरीत शिळा छापखान्यापासून निर्णयसागरच्या सुरेख खिळ्यांपर्यंत जे घडलं ते पोथी, पंचांग आणि पुस्तकासाठी घडलं, वाचायच्या मापात. मोठ्या आकारात, जाहिरातीसाठी, ओरडायला किंवा कुजबुजायला लागणारे खिळे जवळजवळ नव्हतेच. जे तिकडे टाइप-फाउंड्रीनं केलं ते इथं एकेका माणसाच्या मनगटाला करावं लागलं. चित्र काढून टाकलं, नक्षी काढून टाकली, वेलबुट्टी काढून टाकली आणि सगळं ओझं अक्षराच्या एकट्या खांद्यावर दिलं: याला आधुनिक नाही तर काय म्हणायचं? फक्त ही आधुनिकता मितभाषी नव्हती. मराठी नाटकच मितभाषी नव्हतं.

या हाताचा परिणाम कुठं दिसतो, हे सांगायला मला पुन्हा गावी यावं लागेल. कारण मुंबईत तो दिसतो त्यापेक्षा जास्त तिथं दिसला.

स्टेशनच्या रस्त्याला एका पेंटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पुढं दोन बांबू, भिंतीला टेकवलेल्या अर्धवट पाट्या आणि टर्पेंटाइनचा वास. आम्ही पोरं त्यांना पेंटरमामा म्हणायचो. मामांची पद्धत ठरलेली. पत्र्याला आधी पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात. वाळला की नीळ लावलेली सुतळी दोन्ही टोकांना ताणायची आणि मधे धरून फट्‌कन सोडायची. पत्र्यावर निळी सरळ रेघ. ती शिरोरेघ. मग खडूनं अक्षरांचा अंदाज, मग चपट्या ब्रशनं एका दमात भरणं. श्वास रोखून. कान्याची रेघ वरून खाली ओढताना ते बोलायचे नाहीत आणि कुणाला बोलू द्यायचे नाहीत. शेवटी लाल अक्षराला काळी सावली आणि उजव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव, बारीक.

एकदा मी त्यांच्याकडे बसलो असताना त्यांनी खोक्यातून एक वही काढली. शंभर पानी, खाकी पुठ्ठ्याची. आत खळीनं चिकटवलेली कात्रणं. नाटकांची नावं! मला धक्काच बसला. मला वाटायचं ही चोरी फक्त मी करतो.

"मामा, हे कुठलं?"

"पुडीचं," ते म्हणाले. "तुज्या घरी पुड्या येत न्हाईत व्हय?"

त्यांच्यासाठी ती वही म्हणजे नमुन्यांचं पुस्तक होती. गिऱ्हाईक आलं की ते आधी नाव विचारायचे, मग धंदा. किराणा असेल तर जाड, बसकं अक्षर. कटिंगचं दुकान असेल तर गोलाईचं. फोटो स्टुडिओवाल्याला तिरकं. वही चाळायचे आणि कुठल्या तरी नाटकातला एक 'ल' किंवा एखादी वेलांटी उचलायचे. अख्खं नाव कधीच नाही, एक अवयव. 'लक्ष्मी किराणा'च्या पाटीवर मी नंतर नीट पाहिलं, तर 'णा'चा काना मला ओळखीचा वाटला. दादरला ज्या नावानं हाउसफुल्लचा बोर्ड लागला त्याचा काना घाटनांदूरला तूरडाळ विकत होता.

हे लिहिताना एक आडवाट घेतो. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीनं लांबच लांब कापडावर पंचीकरणाचा विषय मजकुरानं आणि आकृत्यांनी मांडला. कुठं चौकट, कुठं वर्तुळ, अक्षरांची मांडणी अशी की अवघड तत्त्वज्ञान डोळ्यांनी आधी कळावं. आमच्या भागात मोठ्या कापडावर अक्षरं लिहून लोकांना काही सांगायची रीत चारशे वर्षांची आहे, असं मी गमतीनं म्हणतो. मामांना एकदा म्हणालो, तर ते म्हणाले, "त्यांला कुणी घाई केली नसंल." त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एका सोसायटीची निवडणूक रंगवायची होती, चार भिंती, सतरा उमेदवार.

पुडीच्या कागदांची पेटी घेऊन मी मुंबईला शिकायला गेलो आणि पुढं एका जाहिरात कंपनीत लागलो. पहिल्याच महिन्यात एका साबणाच्या नावाचं लेटरिंग करायला मिळालं. रात्र जागून केलं. वरिष्ठांनी कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, "छान आहे. नाटक कधी लागतंय?" मला हसावं की रडावं कळेना. पण त्यांचं बरोबर होतं. मी साबणाला नाटकाचा मेकअप चढवला होता. मामांनी जे केलं ते मला जमलं नव्हतं. त्यांनी अवयव उचलला आणि दुकानाला लावला, मी सगळा माणूसच उचलून आणला. नक्कल आणि प्रभाव यांतला फरक मला एका गावच्या पेंटरकडून शिकता आला असता, मी तो मुंबईत अपमान करून घेऊन शिकलो.

शेडग्यांची नक्कल पुढं उदंड झाली. लग्नपत्रिका, ऑर्केस्ट्राची पोस्टरं, दिवाळी अंक, पतसंस्थांच्या पाट्या, राजकीय भिंती. ऐंशी-नव्वदच्या दशकात गावोगावच्या पेंटरांच्या हातात एक विशिष्ट झोकदार, जाड-बारीक, शिरोरेघेला हिसका देणारं अक्षर आलं आणि त्याला सगळे 'नाटकी अक्षर' म्हणू लागले. मग कॉम्प्युटर आला. श्री-लिपीसारख्या पॅकेजांतून डीटीपीवाल्यांना डझनांनी देवनागरी फॉन्ट मिळाले, त्यांत हातानं लिहिल्यासारखे भासणारेही. हाताच्या अक्षरात एकाच शब्दातले दोन 'ल' जुळे नसतात, फॉन्टमध्ये असतात. डोळ्याला ते कळतं, फक्त काय खटकलं ते सांगता येत नाही.

दुसऱ्या बाजूनं, ज्याला आपण रोज वाचतो आणि अक्षर म्हणून पाहतही नाही अशी देवनागरी आली ती र. कृ. जोशी यांच्याकडून. हेही जाहिरातीतलेच, उल्का या संस्थेत कलादिग्दर्शक, मग पवईच्या आयआयटीत प्राध्यापक. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये देवनागरीसाठी जो मंगल फॉन्ट आला तो त्यांचा. तहसीलचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेची नोटीस, सगळं मंगलमध्ये. स्विस मंडळींना हवं होतं तसं गप्प अक्षर अखेर मराठीला मिळालं. त्यातले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत ही तक्रार मी पंचवीस वर्षं करतोय आणि तरी पत्रं त्यातच टाइप करतो. शेडगे आणि जोशी हे दोघं एकाच पिढीचे, जन्मसालात एका वर्षाचा फरक. एकानं अक्षराला रंगमंचावर आणलं, दुसऱ्यानं कचेरीत नोकरीला लावलं. या संग्रहात जोशी नाहीत, पण वाचकानं त्यांना बाजूला ठेवून वाचू नये.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. पत्र्याच्या शेडच्या जागी आता गाळा आहे. मामांचा मुलगा तिथं फ्लेक्सचं काम करतो, मामा मागं खुर्चीवर बसलेले असतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी बसलेलो असताना एक कार्यकर्ता आला. वाढदिवसाचा बॅनर हवा होता, पुरुषोत्तमरावांचा. मुलानं फोटो टाकला, मागं पिवळे किरण टाकले, खाली तीस चेहऱ्यांची रांग लावली आणि नाव टाइप केलं. एकामागून एक फॉन्ट बदलत गेला. कार्यकर्ता म्हणाला, "ह्यात काय दम न्हाई. नाटकावानी कर की."

मामा उठले. स्क्रीनजवळ गेले, डोळे बारीक केले.

"त्यो 'रु' बग. लटकलाय."

मुलगा म्हणाला, "आबा, फॉन्टमध्येच तसाय."

मामांनी टेबलावरचा जाड मार्कर घेतला, एका जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू वर केली आणि उभ्या उभ्या नाव लिहिलं. हात किंचित थरथरत होता, पण काना ओढताना त्यांनी श्वास रोखलेला मी पाहिला. 'पु'चा उकार खाली जाऊन डावीकडं वळला, 'रु'चा कमरेतून निघून 'षो'च्या पोटापाशी येऊन थांबला. मुलानं मोबाइलवर फोटो काढला, कॉम्प्युटरवर चढवला, बाहेरची रेघ साफ केली, आत लाल रंग भरला, कडेनं पांढरी आउटलाइन दिली.

"नाव घाला की मामा तुमचं," मी म्हणालो. "कोपऱ्यात."

त्यांनी स्क्रीनवर खालचा उजवा कोपरा शोधला. तिथं तिसाव्या चेहऱ्याचा खांदा होता, आणि त्याच्याखाली गाळ्याचा मोबाइल नंबर.

"जागा कुटाय?" ते म्हणाले, आणि मार्करला टोपण लावलं.